आत्याचा गिझर, आजव्याचे २१२ फूट आणि टाकीचा तळ

सकाळी साडेनऊच्या सुमारास आत्याचा फोन आला की मला उचलायच्या आधीच कळायचं, गॅसचा गिझर पेटला नाही. जानेवारी २०२४ मधली गोष्ट, उत्तरायण नुकतीच होऊन गेलेली, धाब्यावर अजून फाटके पतंग आणि मांजाची गुंतवळ पडलेली (धाबं म्हणजे गच्ची, आम्ही बडोद्याचे लोक धाबंच म्हणतो). बडोद्याची थंडी ती केवढी, पण आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, तिने गार पाण्याने आंघोळ करावी असं कोण म्हणेल. ती म्हणाली, "अगं सहा वाजता तुझे काका जातात तेव्हा मस्त पेटतो, मग दादा जातो तेव्हाही पेटतो, आणि माझी पाळी आली की नुसता टकटक टकटक करतो आणि पाणी गारच्या गार. मेला माझ्यावरच डूख धरून बसलाय."

गिझरवाला दोनदा येऊन गेला होता, सेल बदलले, आतली जाळी साफ केली, गिझरमध्ये काही खराबी नाही म्हणाला आणि ते खरंच होतं. मग प्लंबर आला, त्याने नळ सोडून बघितला, धाब्यावर जाऊन आला आणि म्हणाला, "बेन, टांकी मोटी नाखी दो, प्रेशर आवी जशे." म्हणजे हजार लिटरची काढून दोन हजारची बसवायची. आत्याने दुकानात भाव पण विचारून ठेवला होता. मला फोन केला कारण घरात सिव्हिलवाली मी एकटीच, डिप्लोमा करून अठरा वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी वर्षं टाक्यांमध्येच गेली असं म्हटलं तरी चालेल, अंडरग्राउंड, ओव्हरहेड, सोसायटीच्या, बंगल्यांच्या. मी म्हटलं आत्या, रविवारपर्यंत थांब, पैसे देऊ नकोस, मी टेप घेऊन येते.

टाकी मोठी केली की प्रेशर वाढतं हे मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय, शिकलेल्या, हुशार लोकांच्या, की मला आता त्याचं नवल वाटत नाही, पण लोक त्यापायी पैसे घालतात आणि स्लॅबवर उगाच वजन चढवतात याचं वाईट मात्र वाटतं. म्हणून हे सगळं नीट लिहायला बसले.

अकरावीत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं, दाब म्हणजे द्रवाची घनता गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, वर्गात त्याला रो जी एच म्हणायचो. पाण्याची घनता घनमीटरला १००० किलो, जी म्हणजे ९.८१, म्हणजे एक मीटर उंच पाण्याखाली दाब होतो ९८१० पास्कल, साधारण ९.८ किलोपास्कल. पुस्तकात त्याच्यात वरच्या हवेचा दाब पण मिळवतात, १०१.३ किलोपास्कल, पण हवा टाकीच्या तोंडावर दाबते तशी नळाच्या तोंडावरही दाबते, दोन्हीकडून सारखीच, म्हणून घरातल्या कामात ती सोडून देतात. साइटवर तर पास्कल कोणी बोलत नाही, तिथे किलो चालतो. "दोन किलोचं प्रेशर आहे" म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर दोन किलो. दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो, एक मीटर म्हणजे शंभर ग्रॅम, एक फूट म्हणजे तीस ग्रॅम. आणि मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला हिशोब म्हणजे एक मीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक टन. दोन मीटर पाणी दोन टन. हे डोक्यात बसलं की कॅल्क्युलेटर काढावाच लागत नाही.

आता या गुणाकारात बघा, टाकी किती लिटरची आहे हे कुठेही येत नाही. लांबी नाही, रुंदी नाही, गोल आहे का चौकोनी ते नाही. घनता ठरलेली, जी ठरलेला, राहिली ती फक्त उंची. आणि माझा आजवरचा अनुभव असा की गुणाकारात कोणी चुकत नाही, चुकतात ते उंची कुठून कुठपर्यंत मोजायची यात.

रविवारी समाला गेले, बडोद्याच्या ज्या भागात आत्या राहते तिथे. आत्याचं घर म्हणजे जुनं टेनामेंट, वर एक मजला चढवलेला, आणि ज्या बाथरूमची तक्रार ती वरच्या मजल्यावर, थेट धाब्याखाली. म्हणजे टाकीच्या सगळ्यात जवळची बाथरूम आणि प्रेशर सगळ्यात कमी तिथेच. आत्याला हे पटेना, "जवळ आहे तर जास्त यायला हवं ना?" पण पाण्याला जवळ-लांब कळत नाही, वर-खाली कळतं. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात त्याच टाकीचं पाणी धो धो येत होतं, कारण तिथला नळ तीन मीटर आणखी खाली.

टेप लावली. जमिनीपासून छत तीन मीटर, स्लॅब बारा सेंटिमीटर, गिझरची पाणी आत घेणारी नळी जमिनीपासून एक मीटर चाळीसवर. म्हणजे नळीपासून धाब्याची फरशी १.७२ मीटर. टाकी विटांच्या दोन फुटी ओट्यावर, ०.६० धरा. झाले २.३२, हा टाकीचा तळ. झाकण उघडून आत टेप सोडली, तुडुंब भरली की पाणी १.०५ मीटर राहतं. म्हणजे टाकी भरलेली असताना गिझरच्या तोंडाशी पाणी उभं आहे ३.३७ मीटर, दाब ३३ किलोपास्कल. गिझरच्या बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरात किमान प्रेशर लिहिलेलं होतं, ०.०२५ मेगापास्कल. ते आकडे बघून कोणाला काही बोध होत नाही, पण उंचीत बदलून बघा, पंचवीस किलोपास्कल म्हणजे २.५५ मीटर पाणी. तेवढं पाणी डोक्यावर उभं नसेल तर पाण्याच्या दाबाने हलणारा आतला पडदा पुरेसा हलत नाही, गॅसचा रस्ता उघडत नाही, आणि नुसती ठिणगी टकटक करत राहते. गिझर डूख धरत नव्हता, त्याला पडदा उचलायला पाणीच कमी पडत होतं.

पण हिशोबात ३.३७ आहे आणि हवेत २.५५, मग आत्याच्या पाळीला काय होतं? एक कारण सरळ होतं, काकांची आंघोळ, दादाची आंघोळ, वॉशिंग मशीन, भांडी, फ्लश, नऊ वाजेपर्यंत घरातलं तीनशे लिटर तरी संपलेलं असतं आणि मोटर लावायची ती संध्याकाळी. टाकीचा व्यास १.१ मीटर, तीनशे लिटर गेले की पाणी बत्तीस सेंटिमीटर खाली उतरतं. तरीही ३.०५ उरतातच, मग पेटायला हवा. दुसरं कारण शोधायला मी कडियाकडची (म्हणजे गवंड्याकडची) लेव्हलची नळी मागवली.

ही नळी म्हणजे माझं सगळ्यात आवडतं हत्यार आहे, लेझर लेव्हल आले तरी मी ती सोडलेली नाही. बोटाएवढी पारदर्शक नळी, बारा-पंधरा मीटर लांब, पाणी भरायचं आणि दोन टोकं दोन खांबांना धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं. तीच नळी दाब मोजायला पण चालते, गेज विकत आणायची गरज नाही. गिझरची नळी काढून अँगल कॉकला लेव्हलची नळी चढवली, क्लिप आवळली, दुसरं टोक व्हेंटिलेटरमधून बाहेर काढलं आणि पुतण्याला धाब्यावर पाठवलं, ओढून घे म्हटलं आणि टाकीच्या शेजारी सरळ उभी धर. कॉक उघडला, पाणी नळीतून चढायला लागलं, मध्ये एक दोन इंचाचा बुडबुडा अडकला, तो टिचक्या मारून मारून वर घालवावा लागला कारण बुडबुडा राहिला की माप खोटं येतं. मी वर गेले तोवर पुतण्या नळी टाकीला टेकवून उभा होता आणि नळीतलं पाणी झाकणाच्या चार बोटं खाली येऊन थांबलेलं. टाकीत टेप सोडली, आतलं पाणी पण झाकणाच्या चार बोटं खाली. टाकीत हजार लिटर, नळीत जेमतेम पेलाभर, आणि दोघांची पातळी एक. आत्याला जिना चढवत नाही म्हणून तिला फोटो दाखवला, ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे एवढंसं पाणी त्या एवढ्या पाण्याला तोलून धरतंय?" इतक्या वर्षांत कोणी इतकं नेमकं विचारलं नव्हतं मला.

मग पुतण्याला म्हटलं आता हलू नकोस, मी खाली जाऊन शॉवर सोडते. सोडला आणि तो वरून ओरडला, "उतरलं उतरलं!" नळीतलं पाणी सर्रकन अर्धा मीटर खाली आलं आणि तिथेच डुलत राहिलं. शॉवर बंद केला की परत वर. सापडलं. पाणी उभं असतं तेव्हा दाब पूर्ण ३.३७ मीटरचा, आणि वाहायला लागलं की त्यातला अर्धा मीटर पाइपमध्येच घासून संपतो. तीनशे लिटर गेल्यावर ३.०५ उरले त्यातून अर्धा गेला, राहिले २.५५, म्हणजे गिझरच्या अगदी उंबरठ्यावर. त्यानंतर बादलीभर पाणी कमी झालं की टकटक.

टाकीतून येणारा जुना जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) अर्धा इंची पाइप प्लंबरने दुसऱ्या दिवशी कापला, मी तो तुकडा घरी आणून ठेवलाय. आतून गंज चढून चढून भोक असं झालं होतं की पेन्सिल जाईल न जाईल, आणि तेही गोल नाही, एका बाजूला पापुद्रे सुटलेले. पाइपमधलं घासणं व्यासाशी साधं जोडलेलं नसतं, तेवढंच पाणी न्यायचं असेल तर ते साधारण व्यासाच्या पाचव्या घाताने कमी-जास्त होतं. म्हणजे व्यास दुप्पट केला की घासून जाणारी उंची बत्तीसाव्या भागावर येते. पाइपाच्या बाबतीत मोठं करा म्हणणारा माणूस शंभर टक्के बरोबर, टाकीच्या बाबतीत नाही.

आता प्लंबरवर अन्याय नको म्हणून हे पण लिहिते, कारण तो अगदीच चुकीचा नव्हता. दोन हजारची टाकी घेतली असती तर तिचा व्यास साधारण १.४ मीटर आणि पाण्याची उंची १.३, म्हणजे भरलेली असताना पंचवीस सेंटिमीटर जास्त, पंचवीस ग्रॅम. पाणी दुप्पट पण दाब दहा टक्के पण वाढत नाही. मात्र टाकी रुंद असल्यामुळे तीनशे लिटर काढल्यावर पातळी बत्तीसच्या ऐवजी वीस सेंटिमीटरच उतरते, त्यामुळे आत्याची आंघोळ नक्की निभावली असती. त्याने आयुष्यभर टाक्या बदलल्या आणि लोकांच्या तक्रारी गेल्या, त्याने डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तो तसं म्हणतो. फक्त त्यासाठी जुन्या स्लॅबवर दोन टन चढवायचे का हा प्रश्न आहे. धाब्याच्या साध्या स्लॅबला डिझाइनमध्ये चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास वापराचा भार धरतात, आणि टाकीत १.३ मीटर पाणी म्हणजे तिच्या तळाखाली चौरस मीटरला तेराशे किलो. तळावरचा जो दाब आपण काढला तोच खाली उतरून स्लॅबला भेटतो. म्हणून टाकी कायम भिंतींच्या किंवा बीमच्या डोक्यावर ठेवायची, मधोमध स्लॅबच्या पोटावर कधीच नाही. आत्याकडची हजारची टाकी नशिबाने बाथरूमच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यावर बसवलेली आहे, दोन हजारची तिथे मावली नसती, सरकून मध्ये आली असती.

शेवटी टाकीपासून बाथरूमपर्यंत एक इंची सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप टाकला, एल्बो (वळणाचे जोड) दोन कमी केले, आणि दादाला सांगितलं की सकाळी सात वाजता दहा मिनिटं मोटर लावत जा. परत लेव्हलची नळी चढवून शॉवर सोडला तर पाणी चार-पाच बोटं उतरलं, बस. एवढ्यावर आत्याचा गिझर पेटायला लागला.

हेच उलट बाजूने पण येतं. एक गृहस्थ आले होते आमच्याकडे, घराच्या साइडच्या मार्जिनमध्ये अंडरग्राउंड टाकी करायची, रुंदी दोनच फूट मिळत होती म्हणून खोली अडीच मीटर घेतली. ते म्हणाले टाकी अरुंद आहे, पाणी थोडंच मावणार, भिंत पातळ चालेल, सळई कमी घाला. मला त्यांना कागदावर त्रिकोण काढून दाखवावा लागला. वर पाण्याच्या पातळीला दाब शून्य, तळाशी अडीच टन चौरस मीटरला, मध्ये सरळ रेषेत वाढत जाणारा. त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे भिंतीच्या दर एक मीटर लांबीवरचा ढकलणारा जोर, अडीच गुणिले अडीच भागिले दोन, ३.१ टन. आणि तो लागतो तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे त्र्याऐंशी सेंटिमीटरवर. समोरची भिंत दोन फुटांवर असो का दोनशे फुटांवर, हे ३.१ टन बदलत नाहीत. त्यांना पटेना, मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं, आणि पटायला जड आहेच ते. १५८६ मध्ये सायमन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश गणितज्ञाने हे लिहून ठेवलं की तळावरचा जोर भांड्यातल्या पाण्याच्या वजनावर नाही, उंचीवर आणि तळाच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि याला आजही विरोधाभास म्हणूनच ओळखतात. पास्कलच्या नावाने एक पिंपाचा प्रयोग सांगतात, बंद भरलेल्या पिंपाला वरून उंच बारीक नळी जोडायची आणि तीत पाणी ओतायचं. हिशोब करून बघा, नळीचं भोक एक चौरस सेंटिमीटर, उंची दहा मीटर, त्यात मावतं बरोबर एक लिटर पाणी. एका लिटरने पिंपाच्या तळाला, झाकणाला, प्रत्येक फळीला दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब वाढतो. पिंपाचा तळ अर्धा चौरस मीटर असेल तर नुसत्या तळावर पाच टन. त्या गृहस्थांना मी हेच सांगितलं, आणि ते सळई घालायला तयार झाले.

मग आला ऑगस्ट. २०२४ चा जन्माष्टमीचा पाऊस बडोद्यातला कोणी विसरणार नाही. त्या दिवसांत आमच्याकडे लोक दोनच आकडे बघतात, आजवा किती आणि विश्वामित्री नदी किती. आजवा म्हणजे सयाजी सरोवर, सयाजीराव महाराजांनी शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं, आणि विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट हे इथे शाळेतल्या मुलाला पण पाठ असतं. पुतण्या तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, जानेवारीतली नळी त्याच्या डोक्यात होती, त्याने फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला की आजवा २१२ फूट म्हणजे ६४.६ मीटर, तळाला दाब जवळजवळ साडेसहा किलो, मातीचं धरण हे कसं सहन करणार. ग्रुपवर एकदम घबराट. काकांनी विचारलं, "खरं आहे का गं हे?"

गुणाकार बरोबर होता त्याचा, एक आकडा पण चुकला नव्हता. चूक उंचीच्या सुरुवातीला होती. आजव्याचे २१२ फूट हे तलावाच्या तळापासून मोजलेले नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजलेले आहेत. आजव्याच्या पाण्याखाली जमीन येते तिथे उंची संपते, पुढे समुद्रापर्यंत माती आहे, आणि मातीची उंची पाण्याच्या दाबात धरत नाहीत. खरी खोली त्यापेक्षा खूपच कमी. आणि विश्वामित्रीचे २६ फूट हे तिच्या स्वतःच्या पुलावरच्या पट्टीवरचे, त्यांचं शून्य वेगळं. टीव्हीवर दोन्ही आकडे एकाखाली एक येतात म्हणून लोक २१२ मधून २६ वजा करायला बघतात, पण दोन वेगळ्या शून्यांपासून मोजलेल्या उंच्या वजा करता येत नाहीत.

पण समुद्रसपाटीपासूनचा तो आकडा निरुपयोगी नाही हं. बडोदा शहर समुद्रापासून साधारण पस्तीस ते चाळीस मीटर उंचीवर आहे आणि आजव्याचं भरलेलं पाणी ६४ मीटरच्या वर. पंचवीस-तीस मीटरचा फरक, म्हणजे अडीच ते तीन किलो. वीसेक किलोमीटर पाइपमध्ये त्यातलं बरंच घासून जातं, पण उरतं त्यावर पाणी आपोआप चालत शहरात येतं, पंपाची ढकल न लागता. आज शहर वाढलं, मही नदीच्या फ्रेंच वेलचं (नदीपात्रातल्या विहिरींचं) पाणी येतं, टाक्या झाल्या, पंप झाले, पण तेव्हा ज्यांनी ही जागा निवडली त्यांनी आधी उंचीच मोजली होती. मला याबद्दल फार आदर वाटतो.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं, लोक शांत झाले, आणि दुसऱ्या दिवशी पाणी समात शिरलं. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. आत्याकडे अंगणात गुडघ्याच्या वर पाणी, वीज बंद, सगळे वरच्या मजल्यावर. माणसं सुखरूप, त्याबद्दल देवाचे आभार. पूर येणार म्हणून दादाने आदल्या दिवशी शहाणपणाने अंगणातल्या अंडरग्राउंड टाकीतलं होतं नव्हतं ते पाणी मोटर लावून वर चढवून ठेवलं होतं, प्यायला चांगलं पाणी राहावं म्हणून. मी पण त्याच्या जागी तेच केलं असतं, आणि मला त्याला फोन करून थांबवायला सुचलं नाही याची रुखरुख आहे.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा दादाने व्हिडिओ पाठवला. अंगणातल्या कोटा फरशीच्या मधोमध एक उंचवटा, फरश्या फुटून तिरप्या झालेल्या, आणि टाकीचं झाकण जमिनीपासून हातभर वर येऊन वाकडं बघत बसलेलं. इनलेटचा पाइप एल्बोपाशी तुटलेला, मान तडकलेली, आत गाळ. तीन हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, चार वर्षांपूर्वी एकाने खड्डा खणून नुसती ठेवून दिलेली, खाली काँक्रीट नाही, बांधलेली नाही. आत्या म्हणाली, "जमिनीतली टाकी वर कशी येईल गं?"

टाकीच्या तळाचा दाब म्हटलं की आपण आतून खाली दाबणारं पाणी धरतो. पण सतत पाऊस पडून जमीन पाण्याने तुडुंब झाली की तेच पाणी तळाला खालून वर पण दाबतं, आणि त्याचाही हिशोब तोच, फक्त उंची बाहेरच्या पाण्याची. टाकीचा तळ जमिनीखाली १.८ मीटर, म्हणजे खालून चौरस मीटरला १.८ टन. व्यास दीड मीटर, तळ पावणेदोन चौरस मीटर, एकूण तीन टनांच्या वर जोर, वरच्या दिशेने. टाकी भरलेली असती तर आतलं तीन टन पाणी वरून तोलून बसलं असतं. रिकामी होती, तिचं स्वतःचं वजन आणि डोक्यावरची फरशी-सिमेंट मिळून फार तर पाचशे-सातशे किलो, बाजूची माती चिखल झालेली, ती कशाला धरून ठेवते. रिकामी बाटली बादलीत दाबून सोडावी तशी टाकी वर आली. जमीन पूर्ण भिजली की बस झालं, अंगणात वर पाणी किती चढलं याने त्या जोरात फार फरक पडत नाही, कारण वरचं पाणी तळाला जेवढं जास्त उचलतं तेवढंच डोक्यावर दाबतं पण.

समात, अकोट्यात, विश्वामित्रीच्या काठच्या भागात ज्यांच्याकडे अशा टाक्या आहेत त्यांना मला हे कळकळीने सांगायचंय. पावसाळ्यात अंडरग्राउंड टाकी रिकामी ठेवू नका. वर पाणी चढवलंत तर खालची परत भरून घ्या, नळाला पाणी नसेल तर बोरचं भरा, काहीही भरा. पुराचं घाण पाणी आत शिरेल ही भीती खरी आहे, तर झाकणाची मान उंच करून घ्या, पण टाकी भरलेलीच ठेवा. आणि नवीन करत असाल तर तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर चारी बाजूंनी फूटभर काढायला सांगा, त्या बाहेर आलेल्या भागावर माती बसते आणि ती टाकीला खाली धरून ठेवते. थोडं काँक्रीट जास्त लागतं, कडिया कुरकुर करतो, ऐकू नका.

आत्याकडे आम्ही दिवाळीनंतर नवीन आरसीसीची केली, तसाच स्लॅब बाहेर काढून. पाण्याची चाचणी घेतली तेव्हा सात दिवस मी रोज संध्याकाळी जाऊन आतल्या भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करत होते, आत्या खुर्ची टाकून शेजारी बसायची.

पुढच्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, अजून पावसाचा थेंब नाही, सकाळी साडेनऊला तिचा फोन आला. माझ्या पोटात धस्स झालं, म्हटलं परत गिझर. तर म्हणाली, "गिझर ठीक आहे गं. खालची टाकी भरून घेतली, काठी घालून बघितली, झाकणाखाली चार बोटं आहे पाणी. वहीत लिहून ठेव, तारीख घाल."